बर्लिनची रंगीत भिंत

भिंतीलाहि कान असतात, ही म्हण श्रोत्यांच्या परिचयाची आहे. जर्मनींतील बर्लिन शहरांत मात्र अशी एक भिंत होती कीं, तिला एका बाजूनें वाचा फुटली आणि दुसऱ्या बाजूनें ती अखेरपर्यंत मुकी राहिली.

१३ ऑगस्ट १९६१ च्या पहांटे पूर्व जर्मनीच्या सरकारनें पश्चिम बर्लिनभोंवतीं कांटेरी तारा ओढल्या. पश्चिमेकडे निघून जाणाऱ्या आपल्याच प्रजेचा लोंढा थोपविणें हा त्यांचा उद्देश होता. तारांच्या जागीं लवकरच भिंत आली. या वेढ्याची लांबी सुमारें १५५ किलोमीटर होती. पुढें ठिकठिकाणीं दोन भिंती व त्यांच्यामध्यें पहाऱ्याचे मनोरे, दिव्यांचे खांब आणि वाळूचा मोकळा पट्टा अशी तिची रचना झाली. आंतल्या भिंतीस पांढरा रंग देत. रात्रीं पळणाऱ्याची काळी आकृति तिच्यावर स्पष्ट उमटावी, हा त्यांतील हेतु.

१९७५ पासून बाहेरची भिंत काँक्रीटच्या उभ्या तक्त्यांची होऊं लागली. प्रत्येक तक्ता ३.६ मीटर उंच, १.२ मीटर रुंद आणि अगदीं गुळगुळीत. पळणाऱ्याच्या हातापायांस आधार मिळूं नये म्हणून केलेली ही योजना चित्रकारांच्या पथ्यावर पडली. क्रॉयत्सबर्ग ही पश्चिम बर्लिनमधील कामगारांची, तुर्की कुटुंबांची व कलावंत तरुणांची वस्ती. तेथें राहणारा थिएरी न्वार हा फ्रेंच तरुण १९८४ सालीं घराजवळची भिंत रंगवूं लागला. जाड ओठांचे, भडक रंगांचे त्याचे मुखवटे लांबून ओळखूं येत. ते इतके सोपे असण्यास कारणहि तसेंच होतें. भिंत सीमारेषेच्या किंचित् आंत, पूर्व जर्मनीच्या भूमीवर उभी होती. तिला हात लावणारा कायद्यानें परक्या मुलखांत उभा असे. भिंतींतील दारांतून शिपाई केव्हां बाहेर येतील याचा नेम नसे. म्हणून चित्र झटपट उरकावें लागे. हळूहळू भिंत रंगांनीं भरून गेली आणि परदेशी प्रवासी ती कौतुकानें पाहूं लागले.

हें कौतुक सर्वांनाच रुचलें नाहीं. १९८६ च्या नोव्हेंबरांत, पूर्व जर्मनी सोडून आलेले पांच तरुण तोंडावर मुखवटे चढवून भिंतीजवळ गेले व सर्व चित्रांवरून एकच पांढरी रेघ ओढीत चालूं लागले. रंगांनीं भिंतीचें क्रौर्य झांकलें जातें, असें त्यांचें म्हणणें होतें. शिपायांनीं दारांतून येऊन त्यांतील एकास पकडलें आणि ज्या राज्यांतून तो सुटून आला होता, तेथील तुरुंगांतच त्याची रवानगी झाली. लोक जिला चित्रशाळा समजूं लागले होते, ती तुरुंगाचीच भिंत होती.

९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्रीं सरहद्दीवरील नाकीं खुलीं झालीं. पुढें भिंत बहुतेक पाडली गेली. क्रॉयत्सबर्गसमोर, स्प्री नदीच्या पलीकडील तीरावर, १,३१६ मीटरांचा एक भाग मात्र उभा राहिला. पूर्वेकडील लोकांना जिच्याजवळ जाण्याची बंदी होती, तीच ही बाजू. १९९० मध्यें २१ देशांच्या ११८ चित्रकारांनीं ती रंगविली व ‘ईस्ट साइड गॅलरी’ या नांवानें ती सर्वांस खुली झाली. १९९१ मध्यें तिला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. बिर्गिट किंडर या चित्रकर्तीनें तेथें भिंत फोडून बाहेर येणारी ट्राबांट मोटार काढली आहे. पूर्व जर्मनींतील सामान्य माणसाची ती मोटार. तिच्या नंबराच्या पाटीवर ९ नोव्हेंबर १९८९ हीच तारीख आहे.

ऊनपावसानें व येणाऱ्याजाणाऱ्यांच्या खरडण्यानें चित्रें विटलीं, तेव्हां २००९ मध्यें तीं पुन्हां रंगविण्यांत आलीं. आज प्रवासी त्यांच्यापुढें हंसतखेळत छायाचित्रें काढतात. त्या आनंदांत गैर कांहीं नाहीं. परंतु या भिंतीपायीं किमान १४० माणसें प्राणांस मुकलीं, याचा विसर पडूं नये, एवढेंच पांढऱ्या रेघेचें मागणें होतें. या बाजूवर रंगाचा पहिला फटकारा मारतां येण्यास २८ वर्षें लागलीं, हें ज्यास ठाऊक आहे, त्यासच त्या रंगाची खरी किंमत कळते.