गिरणगावातील एकट्याचा संसार

मुंबईतील कापडाची पहिली गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली आणि १८५६ च्या सुमारास ताडदेवला तिचे चाक फिरू लागले. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी, नायगाव हा सारा भाग गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. या गिरण्यांच्या मालकांचा इतिहास बराच लिहिला गेला आहे, संपांचा इतिहासही लिहिला गेला आहे. आज आपणांसमोर मी एक साधा, घरगुती प्रश्न ठेवणार आहे. रत्नागिरीकडून किंवा घाटावरून एकटाच मुंबईस आलेला गिरणीकामगार आपल्या तुटपुंज्या पगारात महिना कसा काढीत असे? आणि स्वतःचेच जेमतेम भागत असता गावी मनीऑर्डर कशी करीत असे?

हा एकटा माणूस म्हणजे अपवाद नव्हता. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईच्या दर शंभर रहिवाशांपैकी ऐंशीहून अधिक मुंबईबाहेर जन्मलेले होते, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा भरणा फार मोठा होता. त्याच शिरगणतीत हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या साडेपाचशेही भरली नाही. याचा अर्थ उघड आहे. बायको, मुले आणि म्हातारी माणसे गावी, आणि कर्ता पुरुष मुंबईत, अशी हजारो घरे दोन ठिकाणी वाटली गेली होती.

सुदैवाने या लोकांच्या जमाखर्चाची नोंद झालेली आहे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ साली कामगारांच्या खर्चाची पाहणी केली व १९२३ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात २,४७३ कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या पुरुषांचे हिशेब गोळा केले होते. कुटुंबाची सरासरी मासिक प्राप्ती ५२ रुपये ४ आणे ६ पै भरली. खर्चाच्या शंभर रुपयांतले जवळजवळ ५७ रुपये अन्नावर जात, भाड्यावर आठांच्या आत. अन्नावर एवढा खर्च होऊनही ताटात काय पडत होते, हे पाहण्यासारखे आहे. धान्याचे प्रमाण दुष्काळी कायद्याने ठरविलेल्या शिध्याइतके होते, पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्यास जेवढे मिळे, त्याहून ते कमी होते. दिवसभर साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे अन्न कैद्याच्या अन्नापेक्षा कमी, हा सरकारी कागदावरचाच निष्कर्ष आहे.

आता एकट्याच्या खर्चाकडे वळू. पहिला प्रश्न जागेचा. एकट्याने खोली घेणे त्याला परवडणारे नव्हते. म्हणून एका गावचे, निदान एका पंचक्रोशीचे लोक मिळून चाळीतली एक खोली भाड्याने घेत. तिला गावकऱ्यांची खोली किंवा गाळा म्हणत. भाडे डोईप्रमाणे वाटले जाई. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. पाळीचे काम सुरू झाल्यावर रात्रपाळीचा परत आला की दिवसपाळीचा उठून जाई आणि तेवढीच जागा दोघांच्या पाठीला पुरे. उन्हाळ्यात गॅलरी, अंगण, रस्त्याकडेचा फरसबंद भाग हेच शेजघर. म्हणजे भाड्याचा आकडा लहान दिसतो, तो जागा स्वस्त होती म्हणून नव्हे. एका जागेचे भाडे दहा जण देत होते म्हणून तो लहान दिसतो.

दुसरा आणि मोठा प्रश्न जेवणाचा. येथे आपण खाणावळवालीपाशी येतो. बहुधा ती स्वतः कुणा कामगाराची बायको किंवा विधवा असे. आपल्या एका खोलीत चूल मांडून ती दहा-वीस माणसांना दोन वेळचे जेवण घाली. महिन्याचा दर ठरलेला असे, गावी गेल्यास किंवा बाहेर जेवल्यास खाडे धरले जात. पण तिचे खरे काम स्वयंपाकापुरते नव्हते. त्या काळी गिरण्यांत पगार महिन्याने होई, आणि तोही महिना संपताच हातात पडत नसे. पुढल्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटावे लागत. १९३६ च्या वेतन कायद्याने मोठ्या कारखान्यांस दहा दिवसांची मर्यादा घातली. तत्पूर्वी नव्याने लागलेल्या माणसाला पहिला पगार दिसेपर्यंत सुमारे सहा आठवडे लागत. हे सहा आठवडे त्याने काय खावे? तो खाणावळवालीचे खाई, उधारीवर. ती वाण्याकडून उधारीवर तांदूळ आणी. अशा रीतीने गिरणीने राखून ठेवलेल्या पगाराचे भांडवल प्रत्यक्षात परळच्या एका खोलीतली बाई पुरवीत होती. गिरणीच्या ताळेबंदात तिचे नाव कोठेही नाही.

जे उधारीत भागत नसे, ते कर्जात जाई. आजारपण, लग्न, बदली कामगाराला फाटकावरून रोज परत जावे लागणे, मुकादमाची दस्तुरी, अशी कर्जाची कारणे होती. त्याच पाहणीत शंभरातली ४७ कुटुंबे कर्जबाजारी आढळली. व्याजाचा रूढ दर होता रुपयास दरमहा एक आणा. ऐकायला एक आणा म्हणजे काहीच नाही. पण वर्षाचे बारा आणे होतात, म्हणजे दर शेकडा ७५. वीस रुपये कर्ज काढणाऱ्याने दरमहा सव्वा रुपया नुसत्या व्याजापायी द्यायचा आणि मुद्दल जागच्या जागी. या फासातून सुटण्यासाठी लोकांनी आपापसांत भिशी चालविली. दहा जणांनी दरमहा ठरावीक रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकाने उचलायची. व्याजही नाही आणि पठाणाची काठीही नाही.

एवढे करून जो पैसा उरे, उरे म्हणण्यापेक्षा उरविला जाई, तो गावी जाई. टपाल खात्याने मनीऑर्डरची सोय १८८० साली सुरू केली आणि कोकणातल्या वाडीवाडीत पोस्टमनची वाट पाहिली जाऊ लागली. या पैशांतून शेतसारा भरला जाई, मीठमिरची येई, वाण्याचे देणे फिटे. आपण समजतो की मुंबईचा कामगार गावाला पोसत होता. ते खरे आहे, पण ते अर्धेच आहे. गावही त्याला पोसत होते. पोरे गावी वाढत, बाळंतपणे गावी होत, क्षयाने खंगलेला माणूस गावी परते, आणि हात चालेनासे झाले की म्हातारपण गावीच निघे. त्याची बायको भाताची लावणी करी, गुरे राखी, सासूसासऱ्यांचे करी. गिरणी एका माणसाच्या पोटापुरता पगार देत होती. त्याचे कुटुंब टिकविण्याचा बाकीचा खर्च त्या बाईच्या कष्टांतून निघत होता.

१९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने आपल्या अहवालात म्हटले की कामगाराचा गावाशी असलेला संबंध ही जमेची बाजू आहे, ती तोडू नये. हा निष्कर्ष चुकीचा नव्हता. मात्र ही जमा कोणाच्या खात्यावर, हेही विचारले पाहिजे. म्हातारपणाची तरतूद गाव करीत असेल, तर ती गिरणीला करावी लागत नाही. या संबंधाचा कामगारालाही एक उपयोग झाला. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला, तो काही केवळ सभांच्या जोरावर नव्हे. अनेक कामगार गावी निघून गेले, जे राहिले त्यांना खाणावळवालीने आणि वाण्याने उधारीवर जगविले. मालकाविरुद्धची झुंज अशी चुलीच्या आणि शेताच्या बळावर लढली गेली.

या बळालाही सीमा होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप वर्ष उलटले तरी मिटला नाही. उधारी तरी किती दिवस चालणार? जेवणारे गावी गेले ते परतले नाहीत, त्यांच्याबरोबर त्यांची देणीही गेली, आणि कितीतरी चुली विझल्या. तत्पूर्वी १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून खाणावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडविण्याची वाट दाखविली. शंभर वर्षे दुसऱ्यांना उधार देणाऱ्या बायांना बँकेने पत दिली ती इतक्या उशिरा.

श्रोतेहो, आता गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. पण एका खोलीत चार-सहा जण राहून, डबा किंवा मेस लावून, महिनाअखेर मोजीत घरी पैसे पाठविणारी तरुण माणसे आपल्या शहरात कमी झालेली नाहीत. त्यांना काटकसरीचा उपदेश करणे सोपे आहे. गिरणीकामगाराच्या काटकसरीत काही उणे नव्हते, हे आपण पाहिले. तरीही त्याचा हिशेब त्याच्या एकट्याच्या पगारात कधी बसला नाही. तो बसविण्यासाठी खोलीतले सोबती, खाणावळवाली आणि गावची बायको असे तिघे आपल्या पदरचे घालीत होते. म्हणून एकट्याला अमुक एवढ्यात भागवता आले पाहिजे, असे कोणी म्हणू लागला की त्याला एवढेच विचारावे: उरलेले कोण भरणार आहे?