तानेझरूफ्तमधील आठ दिवस

विमान-अपघाताची वार्ता वाचताना ‘इंजिन बंद पडले’ एवढ्या शब्दांनी आपण तिची मीमांसा आटोपतो. आमच्या मते हे निदान अपुरे आहे. इंजिन थांबताच विमान दगडासारखे कोसळते असे नव्हे. हाती असलेली उंची खर्चीत ते काही अंतर तरंगत जाते, आणि तेवढ्यात वैमानिकास सपाट जागा दिसली तर तो बहुधा वाचतो. तेव्हा इंजिन का बंद पडले याबरोबरच ते कोठे व कोणत्या वेळी बंद पडले, हेही विचारावयास हवे. विल्यम लँकेस्टर या इंग्रज वैमानिकाचा १९३३ मधील अंत या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१९२७-२८ साली जेसी मिलर या स्त्रीसमवेत लहानशा विमानातून इंग्लंडहून ऑस्ट्रेलिया गाठल्याने लँकेस्टरचे नाव झाले. पुढे एका लेखकाच्या खुनाचा आरोप त्याजवर आला. १९३२ मध्ये मियामी येथील ज्यूरीने त्यास निर्दोष ठरविले खरे. पण गेलेली प्रतिष्ठा निकालाने परत येत नाही. ती मिळविण्याचा मार्ग त्यास एकच दिसला, तो विक्रमाचा. एमी जॉन्सन हिने १९३२ मध्ये इंग्लंड ते केपटाउन हा प्रवास ४ दिवस ६ तास ५४ मिनिटांत केला होता. तो विक्रम मोडण्यासाठी, आईबापांच्या द्रव्यसाहाय्याने घेतलेले ‘सदर्न क्रॉस मायनर’ हे एका इंजिनाचे विमान घेऊन तो ११ एप्रिल १९३३ रोजी निघाला.

वाटेत चुकामूक होऊन वेळ गेला. १२ तारखेस सहारातील रेगान येथे तो पोहोचला तेव्हा झोपेवाचून थकलेला होता. तेथील फ्रेंचांनी थांबण्याचा सल्ला दिला. तो न ऐकता सायंकाळी त्याने नायजर नदीकाठच्या गाओकडे झेप घेतली. तो न पोहोचल्यास मोटारवाटेने शोध करू, एवढे आश्वासन त्यास मिळाले होते. पुढे तानेझरूफ्त हे निर्जल मैदान होते. रात्री इंजिन बिघडले. दिवस असता तर त्याच मैदानावर विमान सुखरूप टेकणे अशक्य नव्हते. अंधारात भूमीचा अंदाज न आल्याने ते उलटले.

लँकेस्टर जखमी झाला, पण जिवंत राहिला. रेगानपासून तो सुमारे १७० मैलांवर, मोटारवाटेपासून दूर पडला होता. जवळ पाणी सुमारे दोन गॅलन. विमान सोडून भटकावयाचे नाही, हा त्याचा निश्चय शहाणपणाचा होता. रात्री पंखांचे कापड पेट्रोलमध्ये भिजवून जाळावे, दिवसा पंखाच्या सावलीत पडून रोजनिशी लिहावी, असा त्याचा क्रम चालला. शोध झाला, पण निष्फळ. २० एप्रिल ही रोजनिशीची अखेरची तारीख होय.

असाच प्रसंग चार वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात घडला होता. १९२९ च्या एप्रिलमध्ये बेपत्ता किंग्सफर्ड स्मिथच्या शोधास निघालेले कीथ अँडरसन व बॉब हिचकॉक इंजिनाच्या बिघाडाने तनामी वाळवंटात उतरले. विमान सुखरूप टेकले. परंतु झुडुपांमुळे पुन्हा उडविता येईना, आणि दोघेही तहानेने मेले. लँकेस्टरचे विमान पूर्वी याच किंग्सफर्ड स्मिथचे होते. दोन्ही ठिकाणी इंजिनाने वैमानिकास खाली आणले. प्राण घेतला तो पाण्याच्या अभावाने व मदतीच्या विलंबाने.

लँकेस्टरला अविचारी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. रात्रीच्या उड्डाणाचा दोष त्याचाच होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु रेगानला घाई करणारा माणूस आणि विमानाजवळ आठ दिवस धीराने वाट पाहणारा माणूस एकच होता, हेही न्यायनिवाडा करताना विसरू नये. रोजनिशी त्याने कापडात गुंडाळून पंखास बांधून ठेविली होती. १२ फेब्रुवारी १९६२ रोजी एका फ्रेंच लष्करी तुकडीस त्याचा शुष्क देह व विमान आढळले, तेव्हा ती वाचण्याजोगी होती. विमानाचे अवशेष पुढे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या संग्रहालयात गेले. यंत्राने काय केले, हे त्या अवशेषांवरून कळेल. माणसाने काय केले, हे मात्र त्या रोजनिशीवाचून आपणांस कळले नसते.