छपराची कार्यशाळा

'गॅरेज' हा शब्द मुळात फ्रेंच. आसऱ्याला नेऊन ठेवणे, अशा अर्थाच्या क्रियापदावरून तो आला. मराठीत आल्यावर त्याची गंमत झाली. पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला कोणाला 'गॅरेज कुठे आहे?' असे विचारले, तर तो गाडी ठेवण्याची नव्हे, गाडी दुरुस्त करण्याची जागा दाखवील. वस्तू ठेवण्याच्या जागेची काम करण्याची जागा आपल्या भाषेने परस्पर करून टाकली आहे! प्रत्यक्षात ते इतके सहज होत नाही. घरामागची पत्र्याची शेड, बंगल्यातले रिकामे गॅरेज, शाळेतली अडगळीची खोली यांत मोडकी बाके आणि फुटके फळे वर्षानुवर्षे पडून राहतात. अशा जागेची कार्यशाळा करायची तर काय काय बदलावे लागते, हे पाहण्यासाठी आम्ही चौफुल्याजवळच्याच केडगावचा इतिहास निवडला आहे.

केडगाव हे दौंड तालुक्यातले, पुणे-दौंड लोहमार्गावरचे गाव. पुण्यापासून अंतर सुमारे ५५ किलोमीटर. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. या संस्थेला दहा वर्षे पैसे पुरवण्याचे अमेरिकेतील हितचिंतकांच्या एका मंडळाने कबूल केले होते. मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न रमाबाईंपुढे उभा होताच. म्हणून त्यांनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर संस्था चालवायची, असा हिशेब होता. १८९६-९७ च्या दुष्काळाने तो हिशेब बाजूला पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. त्यांची संख्या ३०० च्या घरात गेली. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि एका जागी एवढी माणसे ठेवणे अशक्य झाले होते. तेव्हा केडगावच्या उघड्या शेतावर तात्पुरती छपरे घालून या मुलींची सोय करावी लागली. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि मुक्तिसदनातील संख्या २,००० च्या जवळ पोचली.

रमाबाईंचे धर्मांतर आणि या संस्थेतले धर्मशिक्षण यांवर महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाला. तो येथे आमचा विषय नाही. आम्हाला पाहायचे आहे ते हे, की आसऱ्यासाठी घातलेल्या छपरांखाली काम कसे उभे राहिले.

निवारा आणि अन्न मिळाले म्हणजे जीव वाचतो. पण पंधरा-सोळा वर्षांच्या निराधार मुलीने पुढची चाळीस वर्षे काय करायचे? रमाबाईंपाशी या प्रश्नाचे एक उत्तर तयार होते. १८८६ ते १८८८ या काळात त्या अमेरिकेत होत्या आणि तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला होता. मूल हाताने काही घडवते तेव्हाच त्याचे शिकणे पक्के होते, हा त्या पद्धतीचा गाभा. लहान मुलांसाठी असलेली ही कल्पना रमाबाईंनी मोठ्या मुलींच्या आयुष्याला लावली. केडगावला विणकाम, शिवणकाम, दूधदुभते, तेलाचा घाणा, धुलाई अशी कामे सुरू झाली. आणि पुढे छापखाना आला.

या छापखान्यापाशी आपण जरा थांबू, कारण कार्यशाळेची मांडणी म्हणजे काय हे छापखान्याइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. इंग्रजी मजकूर जुळवायला मोठी व लहान मिळून ५२ अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे पुरतात. देवनागरीत पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, रफार अशा खिळ्यांची संख्या काही शेकड्यांत जाते. हे सारे खिळे लाकडी केसमधल्या लहान लहान खणांत ठेवायचे. ते वर्णमालेच्या क्रमाने ठेवून चालत नाही. काना, र, त, य यांसारखे पदोपदी लागणारे खिळे हाताशी, मोठ्या खणांत. क्वचित लागणारी जोडाक्षरे वर, दूरच्या खणांत. खिळे जुळवणारी व्यक्ती मूळ मजकुराकडे पाहत असते आणि हात न पाहता खणाकडे जातो. छापून झाल्यावर 'मॅटर सोडतात', म्हणजे प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या खणात टाकतात. एक खिळा शेजारच्या खणात पडला की पुढच्या पानात चूक उमटलीच. तेव्हा छापखान्यातली स्वच्छता नुसत्या केरसुणीने होत नाही. प्रत्येक वस्तू घरी परत जाणे, ही ती स्वच्छता. शिवाय खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असतात. अँटिमनीमुळे त्यांना कठीणपणा येतो, पण शिसे विषारी. जेवणापूर्वी हात धुणे हा येथे शिष्टाचाराचा भाग नसून जिवाचा प्रश्न असतो.

त्या काळी मराठी छापखान्यांत हे काम मुख्यतः पुरुषांचेच होते. केडगावला ते मुली आणि स्त्रिया करू लागल्या. दुष्काळातून आल्या तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती. उलटी अक्षरे उलट्या क्रमाने वाचण्याचे कौशल्य त्यांच्यापैकी काहींनी मिळवले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले, त्याची छपाई याच छापखान्यात झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. भाषांतराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. खिळे जुळवणाऱ्या हातांविषयी फारच कमी, ही आमची तक्रार आहे.

मुक्तिसदनात अंध मुलीही होत्या. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी शिकून ती त्यांना शिकवली, आणि विणण्यासारखी हातकामेही या मुली करू लागल्या. डोळसांच्या कार्यशाळेत हत्यार जागेवर नसले तर शोधाशोधीत पाच मिनिटे जातात. न दिसणाऱ्या माणसाचे मात्र सारे कामच अडते. ठरलेली जागा हीच तिथे नजर. हत्यारांच्या जागा ठरवताना शिक्षकांनी वर्गातल्या मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून पक्कड, हातोडी, पाना शोधायला लावावा. मांडणी बरोबर आहे की नाही, हे लगेच कळते.

आता खुद्द जागेविषयी. आपल्या शेडवर असतो तो नालीदार पत्रा. हेन्री पामर यांनी १८२९ साली इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले. पातळ पत्र्याला लाटा दिल्या की तो वाकत नाही. दोन पुस्तकांवर एक पोस्टकार्ड आडवे ठेवा, नाण्यानेही ते खाली झुकेल. त्याच कार्डाला पंख्यासारख्या घड्या घाला, ते बरीच नाणी पेलेल. पण पत्र्याचा एक मोठा दोष आहे. उन्हात तो तापतो आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यावर उष्णता फेकत राहतो. दौंड-शिरूरच्या उन्हाळ्यात अशा शेडमध्ये दुपारी कोणी काम करील, ही आशा व्यर्थ आहे. उपाय दोन, आणि दोन्ही स्वस्त. पत्र्याला वरून चुन्याचा हात दिला तर ऊन बरेचसे परत फिरते. भिंतीत खाली आणि छपराच्या कण्याजवळ वर अशी दोन ठिकाणी वाट ठेवली, तर गरम हवा वरून निघून जाते आणि खालून गार हवा येते.

चुन्याचा आणखी एक इतिहास आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घरोघरी तपासणी होऊन चुना मारला जात होता. ताज्या चुन्याच्या अल्कधर्मी गुणाने जंतू मरतात, हे खरे. परंतु प्लेग पसरतो तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने हे १८९८ साली कराचीत दाखवून दिले, तेव्हा पुण्यातला पहिला कहर होऊन गेला होता. म्हणजे भिंत पांढरी करण्यापेक्षा उंदरांना थारा देणारी अडगळ हलवणे अधिक मोलाचे होते. शाळेची खोली हाती घेताना क्रम हाच ठेवावा: आधी अडगळ बाहेर, मग चुना.

उजेड उत्तरेकडून घ्यावा, असे जुने गवंडी सांगतात. मुंबईच्या कापड गिरण्यांची करवतीच्या दातांसारखी छपरे आठवा. त्यांच्या उभ्या काचा उत्तरेकडे असत, कारण उत्तरेकडून येणारा उजेड एकसारखा असतो आणि सावल्या धारदार पडत नाहीत. केडगाव सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे येथे एक अपवाद घडतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत येते, म्हणून तिला छोटेसे छज्जे हवे. मुलांकडून काठीची सावली मोजून घेतली तर हे तारखांसह पडताळता येईल.

जागा मोटारीच्या गॅरेजची असेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. म्हणून खालची वाट केवळ गारव्यासाठी नाही. दुसरे म्हणजे जवसाचे तेल लावलेल्या चिंध्या. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन हे तेल वाळते आणि त्यात उष्णता निर्माण होते. चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आतच कोंडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात टाकाव्यात.

गॅरेज म्हटले की अमेरिकेतील पालो आल्टो गावच्या त्या प्रसिद्ध गॅरेजचा उल्लेख व्हायचाच. १२ फूट रुंद आणि १८ फूट लांब अशा त्या जागेत बिल हेवलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी ५३८ डॉलर भांडवलावर १९३९ साली कंपनी काढली. त्यांचे पहिले यंत्र ध्वनीच्या वारंवारतेचे विद्युत्कंप निर्माण करणारे होते. त्यातली युक्ती शिक्षकांना आवडेल. विजेच्या दिव्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. कंप मोठे होऊ लागले की तार तापते, रोध वाढतो आणि कंप पुन्हा आवरले जातात. एका साध्या दिव्याने महागड्या यंत्रणेचे काम केले! पुढे वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीने 'फँटेशिया' या १९४० सालच्या चित्रपटासाठी अशी आठ यंत्रे घेतली. ही कथा दोन हुशार तरुणांची म्हणून सांगतात. तीत प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन यांचे मार्गदर्शन होते, नोकरी करून घर चालवणाऱ्या ल्युसिल पॅकार्ड होत्या, आणि रंग दिलेले पत्रे भाजायला त्यांच्याच स्वयंपाकघरातली भट्टी होती. ते गॅरेज एकटे कधीच नव्हते.

आपल्याला पालो आल्टोपर्यंत जाण्याचे कारणही नाही. केडगावच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळ आहे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली खेड्यातली मुले काम करता करता शिकू लागली. तेथून शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम पुढे आला. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह-आरोग्य यांची प्रत्यक्ष कामे करायची. कामे खोटी नसतात. गावाला लागणारी वस्तू किंवा सेवा मुले देतात आणि तिचा मोबदला घेतात. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या मदतीने पाबळला फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या अशा प्रयोगशाळांत तिची गणना होते.

२०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पैसा आला हे चांगलेच झाले. परंतु सामान कपाटात आणि कपाटाला कुलूप, अशी स्थिती झाली तर २० लाखांची अडगळ तेवढी होईल. ज्या शाळेला अनुदान नाही तिच्याजवळ १० बाय १२ फुटांची एखादी खोली बहुधा असतेच. तिच्यात आधी काम ठरवावे: शाळेची बाके दुरुस्त करणे, सायकली नीट करणे, सौरकंदील जोडणे. कामावरून हत्यारे ठरतात आणि हत्यारांवरून मांडणी. काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला येईल असे एक भक्कम टेबल, भिंतीवर फळी आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराची रंगाने काढलेली आकृती, एवढ्याने सुरुवात होते. विजेच्या जोडणीला अर्थिंग आहे ना, हे जाणकाराकडून आधी पाहून घ्यावे. खोलीची किल्ली दर आठवड्याला आठवीच्या दोघांकडे द्यावी, एक मुलगी आणि एक मुलगा. संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी त्यांनी फळीवरच्या रिकाम्या आकृत्या मोजून दाराच्या आतल्या बाजूस आकडा लिहावा.