रॅम वाढली आणि मराठी आली

संगणक हळू चालू लागला की दुकानदार पहिला सल्ला देतो, 'रॅम बदला.' जळगाव-धुळ्याकडे हा सल्ला मी पंचवीसहून अधिक वर्षे ऐकत आलो आहे. पण बदलायची म्हणजे नेमके काय करायचे? अधिक वेगाची रॅम घ्यायची की अधिक क्षमतेची? प्रश्न वरकरणी तंत्रज्ञांचा वाटतो. मात्र एके काळी संगणकावरची आपली मराठी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होती. म्हणून त्याचा थोडा इतिहास सांगतो.

आधी रॅम म्हणजे काय ते पाहू. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात निवर्तले. त्यांच्या नावाने तिथे उभ्या राहिलेल्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रे जपली आहेत. अशा ठिकाणी कपाटांत ठेवलेले रुमाल म्हणजे संगणकाची हार्ड डिस्क समजा, आणि अभ्यासकासमोरचे टेबल म्हणजे रॅम. काम होते ते टेबलावर. टेबल लहान असेल तर नवा रुमाल सोडण्यासाठी आधीचा बांधून परत ठेवावा लागतो आणि दिवस त्या येरझाऱ्यांतच जातो. संगणकाचेही तसेच. रॅम अपुरी पडली की तो मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. रॅमकडून माहिती मिळायला सेकंदाचा एक कोटीवा भागही पुरतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला मात्र सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. म्हणजे फरक लाखपटीचा!

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये पूर्णपणे कामाला लागला. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून केलेली होती. तिच्यात ४० बिटांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने अवघे १० केबी. पुढे आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर एक बिट साठवण्याची युक्ती काढली. १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले आणि स्मृती स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा झाला. पण तिच्यात एक खोट होती. फेराइटच्या कड्या वीज गेली तरी विसरत नसत. ही नवी स्मृती मात्र गळक्या माठासारखी होती. तिच्यातला विद्युतभार सारखा झिरपत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी तो नव्याने भरावा लागतो. २००५ नंतर काही वर्षे भारनियमन सोसलेल्या खानदेशाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. वीज गेली की टेबल साफ!

१९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावात आले. प्रबंध, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका यांची कामे हळूहळू टाइपरायटरवरून संगणकावर सरकली. बहुतेक यंत्रे 'असेंबल' केलेली असत आणि सुट्या भागांसाठी दुकानदार मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठत. रॅमचा भाव तर साऱ्या जगाच्या तालावर नाचे. २१ सप्टेंबर १९९९ ला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला, चिपचे कारखाने थांबले आणि भाव चढले. दुसरीकडे १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला होता. त्यामुळे संगणकाच्या भागांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने घटत २००५ पर्यंत शून्यावर आले. डीटीपी करून पोट भरणाऱ्याला रॅमची एक पट्टी घेणे हा मोठा निर्णय असे, तो या पार्श्वभूमीवर.

त्या वेळी 'पीसी-१००' आणि 'पीसी-१३३' अशा दोन वेगांच्या पट्ट्या मिळत. दोन्ही एकाच खाचेत बसत. पण मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झचा असेल तर १३३ ची पट्टीही शंभरानेच चाले. जुन्या पट्टीशेजारी नवी वेगवान पट्टी लावली तरी तेच. बैलजोडीतला एक बैल कितीही चपळ असो, गाडी चालते ती दुसऱ्याच्या चालीने. आणि वेग मिळालाच, तर तो कागदोपत्री ३३ टक्के. याउलट ३२ एमबीच्या यंत्राची रॅम १२८ एमबी केली की हार्ड डिस्कच्या येरझाऱ्याच थांबत. मी पाहिलेल्या दुकानांत खरा फरक पडला तो क्षमतेने.

मराठीचा संबंध इथेच येतो. विंडोज-९८ ला १६ एमबी रॅम पुरे, पण तिच्यात युनिकोड देवनागरीची सोय नव्हती. मराठी लिहायची ती 'श्रीलिपी'सारख्या सॉफ्टवेअरवर आणि त्याच्या खास फाँटमध्ये. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की 'सप्रेम नमस्कार'च्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसे. देवनागरीची सोय आली विंडोज-२००० पासून. २००१ च्या विंडोज एक्सपीला किमान ६४ आणि शिफारशीप्रमाणे १२८ एमबी रॅम लागे. म्हणजे जुन्या यंत्रावर रॅम वाढवल्याशिवाय युनिकोडची मराठी नीट चालणेच कठीण! त्याच वर्षी महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत पोचू लागले. मराठी असो की अहिराणी, ती कोणत्याही यंत्रावर वाचता येईल अशी लिहिण्याची वाट मोकळी झाली, ती वाढलेल्या रॅममुळेच.

पुढे डीडीआर आली. तिच्या डीडीआर-२ पासून डीडीआर-५ पर्यंतच्या पिढ्या झाल्या. प्रत्येक पिढीत पट्टीची खाच थोडी सरकवलेली असते, म्हणून एका पिढीची रॅम दुसऱ्या पिढीच्या बोर्डात बसत नाही. वेगवान रॅम म्हणजे मग बोर्ड नवा आणि बहुधा प्रोसेसरही नवा. पीसी-१३३ दर सेकंदाला सुमारे १ जीबी माहिती वाहून नेई, तर डीडीआर-४ च्या ३२०० वेगाच्या पट्टीची क्षमता २५.६ जीबी आहे. पण मागितलेली पहिली माहिती हाती येण्याचा वेळ १५ ते २२ नॅनोसेकंदांवरून १४ च्या आसपास, एवढाच उतरला. रस्ता रुंद झाला, अंतर फारसे घटले नाही.

वेगाला किंमत नाही असे नव्हे. चित्रफितींचे संपादन करणाऱ्याला किंवा वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रावर खेळणाऱ्याला तो जाणवतो. एकाऐवजी सारख्या दोन पट्ट्या लावल्या तरी फायदा होतो. पण २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढून रॅम जगभर महागली. अशा वेळी पैसे मोजण्याआधी टास्क मॅनेजर उघडून नेहमीचे काम करताना रॅम किती भरते ते पाहावे. भरत असेल तर क्षमता वाढवावी. भरत नसेल तर मंदपणाचे कारण दुसरीकडे शोधावे. अनेक जुन्या यंत्रांत ते कारण म्हणजे फिरती हार्ड डिस्क असते.

आणि जुन्या फाँटमधल्या फायली अजून कुणाकडे असतील, तर त्या आताच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. आपल्या गावाचा वीस-पंचवीस वर्षांचा लेखी इतिहास त्यांत अडकून पडलेला असू शकतो.