स्टेकचा रस खरंच 'लॉक' होतो का?

आजचा एपिसोड एका वाक्याबद्दल आहे. घरी स्टेक कसा करायचा, याचा कुठलाही व्हिडिओ लावा. बिडाचा जड तवा धूर निघेपर्यंत तापवतात, त्यावर मांसाचा जाड तुकडा पडतो, चर्रर्र आवाज येतो आणि बरेचदा पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "बाहेरून कडक झाला की आतला रस लॉक होतो." लॉजिकल वाटतं ना? पण ते खरं नाही. मग आलं कुठून?

त्यासाठी जर्मनीत जाऊ. युस्टुस फॉन लीबिग हा गीसन विद्यापीठातला प्रोफेसर, त्या काळच्या रसायनशास्त्रातलं फार मोठं नाव. १८४७ मध्ये त्याने मांसाच्या रसायनशास्त्रावर पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं असं, की मांसाचं पोषण मुख्यतः त्याच्या रसात असतं. तो वाचवायचा तर मांस थेट उकळत्या पाण्यात टाका. वरचं प्रोटीन गोठेल, कवच तयार होईल आणि रस आतच राहील. भाजतानाही हेच लॉजिक.

त्याआधी युरोपात बरेच आचारी मांस आगीपासून लांब ठेवून हळूहळू शिजवायचे आणि शेवटी जवळ नेऊन रंग आणायचे. लीबिगनंतर हा क्रम उलटा झाला. १९०३ मध्ये एस्कॉफियेने फ्रेंच स्वयंपाकाचा जो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यातही ही कवचाची कल्पना आहे. म्हणजे थिअरी प्रयोगशाळेतून थेट हॉटेलांच्या किचनमध्ये पोचली.

आणि फक्त किचनमध्येच नाही. १८६५ मध्ये लीबिगच्या नावाची कंपनी निघाली. उरुग्वेमधल्या फ्राय बेंतोस गावात तिचा कारखाना होता. सुमारे ३० किलो मांस आटवून १ किलो अर्क निघायचा. आजारी माणसाला ताकद यावी म्हणून लोक तो विकत घ्यायचे. पण त्यात प्रोटीन आणि चरबी फारच कमी. चव होती, पोषण नाही. चुकीची थिअरी अशी महागात पडते.

१९३० च्या दशकात लोकांनी साधी गोष्ट केली: मांस वजन करून पाहिलं. आधी कडक भाजलेल्या मांसातून तेवढाच रस गेला, कधी कधी जास्तच. तरी समज टिकला. १९८४ मध्ये हॅरल्ड मगीने आपल्या पुस्तकात तो पुन्हा खोडून काढला. खरं तर पुरावा तव्यावरच आहे. तो चर्रर्र आवाज म्हणजे मांसातलं पाणी बाहेर येऊन वाफ होतंय!

मग तवा तापवायचाच कशाला? चवीसाठी. १९१२ मध्ये लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने साखर आणि अमिनो ॲसिड एकत्र तापवली, तर मिश्रण तपकिरी झालं. स्टेकवरचा खमंग थर याच प्रक्रियेतून येतो. आपल्या वाटणासाठी परतलेल्या कांदा-खोबऱ्याचा वास येतो ना, त्यातही हीच प्रक्रिया आहे.

मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला हे असं दिसतं: कोड बरोबर चालतोय, पण वरची कॉमेंट चुकीची आहे. कोणी म्हणेल, चालतंय ना, मग काय बिघडलं? बिघडतं. कवचावर विश्वास असेल तर तुम्ही स्टेक फक्त एकदाच उलटता आणि आतल्या तापमानाकडे बघत नाही. खरं कारण कळलं की पद्धतच बदलते. ओलं मांस १०० अंशांच्या आसपास अडकतं आणि रंग झपाट्याने यायला साधारण १४० अंश लागतात, म्हणून आधी मांस टिपून कोरडं करा. रस आतल्या तापमानावर ठरतो. ६० अंशांच्या वर तंतू आकसून रस पिळून काढतात, म्हणून थर्मामीटर वापरा. आणि हवा तितक्या वेळा उलटा, काही बिघडत नाही.

तुमच्या घरात 'असंच करायचं असतं' म्हणून चालणारा एखादा नियम आहे का? त्याचं कारण काय सांगतात, तेही व्हॉइस नोटमध्ये पाठवा. त्यातला एखादा पुढे तपासून बघू. भेटूया!