चुन्याखालची लाल अक्षरं

परदेशातले मित्र घर दुरुस्तीला काढलं की जुना वॉलपेपर सोलत बसतात. आमच्या मेहकर तालुक्यातल्या घरात कुठला आलाय वॉलपेपर? तिथे चुना! दर दिवाळीला नीळ घालून एक हात, घरात लग्न असेल तर दोन. त्याची जाड साल झाली होती आणि वरचा डिस्टेंपर पापडासारखा सुटत होता. तर मंडळी, गेल्या शनिवारी लॅपटॉप मिटला आणि पत्रा घेऊन भिंत खरवडायला बसलो. (कोरडी खरवडू नका, धूळ नाकात जाते. आधी पाणी मारून भिजू द्या.)

आतल्या खोलीत खालच्या थरावर लाल अक्षरं निघाली. 'डी.डी.टी.' आणि पुढे '५९'. म्हणजे १९५९! महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं, बुलढाणा तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात होता.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला अंदाजे ७.५ कोटी लोकांना हिवताप व्हायचा, त्यात ८ लाख दगावायचे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये तो निर्मूलन कार्यक्रम झाला. फवारणीवाले गावोगाव फिरू लागले. युक्ती साधी होती. रक्त पिऊन जड झालेला डास जवळच्या भिंतीवर टेकतो. भिंतीवर चौरस मीटरला १ ग्रॅम डी.डी.टी. असेल तर तो तिथेच आटोपतो. औषध माणसाला नाही, भिंतीला! अट एकच, पुढचे काही महिने भिंत सारवायची नाही की चुना लावायचा नाही. ही अट बरीच घरं मोडायची, कारण सण थांबत नाहीत.

आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "त्या दिवाळीला मायनं बाहेरची खोली रंगवली, पण आतल्या खोलीला हात लावू दिला नाही. लोकं नावं ठेवत होते. तुह्या बापाच्या आधीचा पोरगा थंडीतापानं गेला होता ना."

बाबांच्या आधी कोणी होतं, हेच मला माहीत नव्हतं. आजी शाळेत गेली नव्हती. ती अक्षरं तिला वाचताही येत नसणार. पण ती कशासाठी आहेत, हे तिला पक्कं कळलं होतं.

१९६५ मध्ये देशातले रुग्ण १ लाखाच्या आसपास आले. मग ढिलाई झाली, डासही डी.डी.टी.ला सरावले आणि १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. पुस्तकात हे सरकारचं यशापयश म्हणून येतं. त्यातली आजीसारख्यांची, न रंगवलेल्या भिंतीची बाजू कुठे येत नाही.

रविवारी पेंटर आला. म्हणाला, "हा डाग राहिला की साहेब!"

"राहू द्या," म्हटलं. वीतभर जागा सोडून बाकीची खोली रंगवून झाली. आत्या दिवाळीला येणार आहे, तिला दाखवायची आहे. असो.