राजघाट : रेल्वेच्या खोदकामातून वर आलेली काशी

इटलीत नेपल्सजवळ व्हेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी आहे. इ.स. ७९ मध्ये त्याच्या राखेखाली पॉम्पेई हे रोमन शहर गाडले गेले. १७४८ पासून तिथे उत्खनन सुरू झाले. रेल्वेवाल्यांना आवडेल अशी माहिती म्हणजे इटलीतील पहिली रेल्वे १८३९ साली याच परिसरात, नेपल्स ते पोर्तिची अशी धावली.

पॉम्पेईत १९३८ साली हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती मिळाली. भरगच्च दागिने, दोन्ही बाजूंना दासी, घडण अस्सल भारतीय! तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्या मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे सापडल्या आहेत. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी ग्रंथात पैठणबरोबर त्याचाही उल्लेख आहे.

असे एखादे गाडलेले शहर पाहण्यासाठी आपल्याला मात्र इटली गाठायला नको. काशी स्टेशनवर उतरले तरी पुरे.

गंगेवरचा मालवीय पूल १८८७ साली डफरिन पूल या नावाने सुरू झाला. खाली रेल्वे, वर रस्ता. त्याच्या काशीकडील टोकाला राजघाटचे पठार आहे. १९३९-४० मध्ये काशी स्टेशनच्या विस्तारासाठी तिथे माती काढताना जुन्या भिंती, मातीच्या मूर्ती आणि मुद्रांचे ठसे निघू लागले. १९४० मध्ये पुरातत्त्व खात्याच्या कृष्णदेव यांनी तिथे उत्खनन केले. पुढे १९५७ पासून बनारस हिंदू विश्वविद्यालयाने अनेक वर्षे काम केले. त्यातून सुमारे इ.स.पूर्व ८०० पासूनची वस्ती उजेडात आली.

मुद्रांच्या ठशांत काय नाही? एकावर अविमुक्तेश्वराचे नाव, एकावर वाराणसीच्या नगर-कचेरीचे. काहींवर तर नाइकी, पॅलास, हेराक्लिस अशा ग्रीक देवता! रोमन लोकही याच देवतांना आपल्या नावांनी पूजत. म्हणजे पश्चिमेच्या व्यापाराचे धागे गंगाकाठापर्यंत पोहोचले होते.

पण एक खंत आहे. पॉम्पेई राखेने झाकून ठेवले. राजघाट ज्या खोदकामाने उघडे केले, त्यानेच त्याचा काही भाग नाहीसाही केला. ठेकेदाराच्या मजुराने टोपलीत भरलेल्या ठशाची लेव्हल कोण लिहून ठेवणार? बेंचमार्क हरवलेल्या सर्व्हेचे जे होते, तेच थर हरवलेल्या वस्तूचे होते. वस्तू हातात राहते, पण तिचा काळ आणि शेजार कायमचा जातो.

हा विषय आज पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गंगेवर नव्या रेल्वे-रस्ता पुलाला मंजुरी दिली. मालवीय पुलाच्या परिसरात पुन्हा खोदकाम म्हणजे पुन्हा तीच माती. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत मिळालेली दहा रुपयांहून अधिक किमतीची जुनी वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. साइटवरच्या आपल्या बांधवांनी एवढे जरूर करावे : खापर किंवा वीट दिसताच काम थांबवावे, फोटो घ्यावा, चेनेज आणि लेव्हल टिपावी व वरिष्ठांना कळवावे. अर्ध्या तासाने प्रकल्प रखडत नाही.

गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना विश्वनाथ, घाट आणि सारनाथ दाखवतो. यंदा त्यांना राजघाटलाही न्या आणि मग विश्वविद्यालयातील भारत कला भवनात तिथल्या मूर्ती दाखवा. मातीची मूर्ती घडवून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या आपल्यासारख्यांना मातीचे मोल वेगळे काय सांगावे!

गणपती बाप्पा मोरया!